साडेतीन किलो चिंचोके

तर झालं असं, की मी साडेतीनशे पोकर चिप्स मागवल्या. आमच्या घरात पोकर कुणालाच येत नाही.

बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "केवढ्याला?" आकडा ऐकल्यावर मात्र मान वर आली. "एवढ्यात फ्रीज आला असता," म्हणाली. खरं होतं. पण या चिप्समागे एक भानगड आहे, आणि शनिवार सकाळ आहे, तर सांगूनच टाकतो.

आमचं मूळ गाव धारूर, जिल्हा बीड. बालाघाटाच्या डोंगरातलं, किल्ल्यासाठी आणि सीताफळासाठी माहीत असलेलं. दिवाळीला आम्ही सगळे भाऊ पुणे-मुंबई-संभाजीनगरहून तिथे गोळा होतो आणि धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज रात्री पत्ते पिसतो. खेळ एकच, तिरट. शहरात ज्याला तीन पत्ती म्हणतात तेच. पण पैसे लावायचे नाहीत, हा घरचा कायदा. आजोबांच्या धाकट्या भावानं पत्त्यात दोन एकर रान घालवलं होतं. तेव्हापासून डावाला चिंचोके. डालड्याच्या जुन्या डब्यात भरून ठेवलेले, हातानं घासून घासून आरशासारखे झालेले. ते आम्ही सगळ्यांनी लहानपणी जिंकलेत आणि हरलेत.

२०२३ च्या दिवाळीत छोट्या डावाला बसला नाही.

छोट्या म्हणजे तात्यांचा मुलगा, माझा धाकटा चुलत भाऊ. अंबाजोगाईला नोकरी करतो. "डोकं दुखायलंय," म्हणाला आणि माडीवर जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वसुलीवाल्याचा फोन तात्यांच्या मोबाईलवर आला, तेव्हा कळलं. ऑनलाइन रमी. आठ महिन्यांत एक लाख ऐंशी हजार. त्यातले निम्मे कर्ज देणाऱ्या दुसऱ्या ॲपवरून उचललेले.

तात्या जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. ओरडले नाहीत. एफडी मोडली, कर्ज फेडलं, आणि एका शंभरपानी वहीत पहिल्या पानावर लिहिलं : 'येणे १,८०,०००'. छोट्यानं महिन्याला पाच हजार द्यायचे. विषय संपला.

माझ्यासाठी मात्र संपला नाही. त्याचं कारण माझी नोकरी. मी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. ते ॲप आमचं नव्हतं, पण काम त्याच जातीचं. 'पैसे भरावेत' असं माणसाच्या मनात आल्यापासून पैसे जाईपर्यंत किती सेकंद लागतात हे आम्ही मोजतो आणि ते कमी करतो. दोन स्क्रीनची एक केली की आमच्याकडे पेढे वाटतात. छोट्यानं मला त्याचा फोन दाखवला. वर उजव्या कोपऱ्यात हिरवं बटण, एक टॅप, यूपीआयचा पिन, झालं. पैसे गेले आणि समोर रंगीत चकत्यांची चळत उभी राहिली. बटण फार सुंदर केलं होतं. मी केलं असतं तर असंच केलं असतं, हा पहिला विचार माझ्या मनात आला आणि मग रात्रभर झोप लागली नाही.

त्या चकत्यांचंच डोक्यात बसलं. कॅसिनोत चिप्स का असतात? मोजायला सोप्या, चोरायला अवघड, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण हे, की चिप टाकताना पाचशेची नोट टाकतोय असं वाटत नाही. आमच्या चिंचोक्याचं काम बरोबर उलटं. चिंचोका टाकताना आठवतं, की इथे पैसा नाही आणि का नाही. दोन्ही गोल, दोन्ही खोटे पैसे. एक विसरायला, एक आठवायला.

मग वाटलं, छोट्याला परत डावावर बसवायचं तर काहीतरी नवीन घेऊन जायला हवं. आधी सावंतवाडीच्या गंजिफाचा विचार केला. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, हातानं रंगवलेली. देखणी चीज. पण ती खेळायची कशी हे घरात कुणालाच ठाऊक नाही, शोकेसमध्ये पडून राहिली असती. तेव्हा ठरलं : आपल्या चिंचोक्यांच्याच चिप्स करायच्या. आणि डिझाइन छोट्याबरोबर करायचं. फोन केला तर तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, माझ्याकडून पत्त्याचं काम करून घ्यायलास व्हय?" म्हटलं, "होय."

थोडं तांत्रिक (कंटाळा आला तर परिच्छेद सोडा). 'सिरॅमिक' चिप म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीचं सिरॅमिक नव्हे. ती असते एका कडक पॉलिमरची. १९८० च्या दशकात अमेरिकेत कॅसिनोंसाठी आली. पांढऱ्या कोऱ्या चकतीवर उष्णता आणि दाब देऊन रंगाची वाफ करतात आणि ती वाफ चकतीच्या पृष्ठभागात मुरते. स्टिकर नाही, त्यामुळे सोलून निघत नाही. दोन्ही बाजू आणि कडेवरसुद्धा छापता येतं. व्यास ३९ मिलिमीटर, जाडी ३.३, वजन साधारण दहा ग्रॅम. जुन्या पद्धतीच्या 'क्ले' चिप्स साच्यात दाबून करतात, त्यांच्यावर असं बारीक चित्र येत नाही. आम्हाला चित्रं हवी होती.

कुठली चित्रं? इथे तात्या मध्ये पडले. "आकडा टाकायचा नाही," म्हणाले. "शंभर लिहिलं की पोरं शंभर रुपये म्हणतील." पण किमतीशिवाय डाव चालणार कसा? शेवटी छोट्यानंच तोड काढली. आकड्याऐवजी गावातल्या वस्तू. सर्वात लहान चिंचोका. पाच चिंचोक्यांचं एक सीताफळ (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा मान द्यायलाच हवा). पाच सीताफळांचं एक कापसाचं बोंड. आणि चार बोंडांचा एक किल्ला. म्हणजे १, ५, २५, १००, पण कुठेही न लिहिता.

किल्ल्याच्या फोटोंसाठी छोट्या एका रविवारी धारूरला गेला. हा किल्ला १५६७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वर खानानं बांधला, लगेच निजामशाहीनं घेतला, पुढे मुघलांकडे गेला आणि गावाचं नाव फतेहाबाद झालं. तात्या त्याच्याबरोबर गेले होते. बुरुजाखाली बसून त्यांनी त्याला सांगितलं, "इथं टांकसाळ व्हती रं. फतेहाबाद धारूर नाव पाडलेली नाणी हायत. आन् तू मोबाईलातल्या पैशापायी..." वाक्य पुरं केलं नाही म्हणे. दिवाळीनंतर बापलेक पहिल्यांदाच एवढा वेळ एकत्र बसले होते. फोटो एकशे चाळीस आले, त्यातले कामाचे दोन.

डिझाइन मी इंकस्केपमध्ये केलं आणि ते आवडून घेतलं. छोट्याला आवडलं नाही. त्यानं पुठ्ठ्याच्या चकत्या कापून, वर प्रिंट चिकटवून, रात्री पिवळ्या दिव्याखाली मांडल्या आणि मला फोटो पाठवला : चिंचोक्याचा तपकिरी आणि किल्ल्याचा गेरू यांत काही फरक कळत नव्हता. एक चिंचोका टाकतोय म्हणून माणूस शंभरचा किल्ला टाकून बसला असता. किल्ला निळा केला. तात्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, ते म्हणाले, "रंगाचं सोडा, कडंला रेघा मारा." हा सल्ला सगळ्यात भारी निघाला. चिंचोक्याच्या कडेला एक पट्टा, सीताफळाला दोन, बोंडाला तीन, किल्ल्याला चार. चळत बाजूनं बघितली तरी चुकीची चकती उठून दिसते. आमच्या ऑफिसात याला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं वर्कशॉप असतं.

आता हिशेब. आठ खेळणारे. प्रत्येकाला दोनशे चिंचोक्यांचं भांडवल : वीस चिंचोके, सोळा सीताफळं, चार बोंडं. म्हणजे माणशी चाळीस चिप्स, एकूण ३२०. वर बँकेत तीस किल्ले. झाले ३५०, वजन साडेतीन किलो.

ऑर्डर दिली परदेशात. चार दिवसांनी छपाईआधीचा नमुना आला आणि मी कपाळाला हात लावला. 'किल्ला'मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसलेली, 'ल्ल'चा पाय मोडलेला. 'चिंचोका'ची तीच गत. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात पण काढतात अक्षराआधी. त्यांच्या सॉफ्टवेअरला ही गंमत ठाऊक नव्हती. उपाय सोपा, अक्षरांचे आकार करून पाठवायचे, म्हणजे फॉन्टचा प्रश्नच नाही. पंधरा वर्षं या धंद्यात आहे, आधी सुचायला हवं होतं. असो.

खोकं आलं २०२४ च्या दिवाळीआधी दहा दिवस. कस्टम्स धरून पस्तीस हजारांच्या घरात गेलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं ते मांडीवर घेऊन गेलो.

तुम्हाला वाटेल, छोट्या लगेच डावाला बसला. नाही बसला. "मी बँक सांभाळतो," म्हणाला. पाचही रात्री तो भिंतीला टेकून चिप्स मोजून देत होता, परत घेत होता, वीस-वीसच्या चळती लावत होता. पत्त्याला हात लावला नाही. मी आग्रह करणार होतो, मोठीआईनं डोळ्यानंच गप्प केलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोजणी एकानं कमी आली, ३४९. सगळ्या गाद्या उलटल्या. शेवटी पूजेच्या ताटात सापडली, नाण्यांच्या शेजारी हळद-कुंकू लावलेला निळा किल्ला. मोठीआई म्हणाली, "एवढ्या महागाचं हाय म्हनल्यावर पूजा नको करायला?"

कायद्याचंही जरा सांगतो. रमीला कौशल्याचा खेळ म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६७ चा. त्याच निकालात तीन पानी खेळाचं उदाहरण निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून दिलंय. रमीची ॲप्स वर्षानुवर्षं त्या निकालाच्या आधारावर उभी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. छोट्याला फोन केला तर म्हणाला, "बरं झालं. पन माझं ॲप मी आधीच काढलं होतं दादा, हे लिहून ठेव कुठंतरी." ठेवलं.

मी अजून तेच काम करतो. फक्त गेल्या वर्षी एका रिव्ह्यूमध्ये, रात्री अकरानंतरच्या मोठ्या रकमेला एक जादा स्क्रीन ठेवा, असं सुचवलं. मॅनेजरनं विचारलं, "ड्रॉप-ऑफ वाढेल ना?" म्हटलं, "वाढू दे." मंजूर झालं नाही. परत मांडणार आहे.

२०२५ च्या दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री छोट्या उठला, बँक माझ्याकडे सरकवली आणि खेळायला बसला. पहिल्याच डावात सगळी सीताफळं हरला. खोली एकदम शांत. तो हसला आणि म्हणाला, "तात्या, वहीत लिहू नका." तात्यांनी पान टाकत विचारलं, "या महिन्याचे पाच आले का?" "आले की." "मग खेळ."

चिंचोक्यांचा डबा मात्र फडताळात तसाच आहे. मी टाकायला निघालो होतो, तात्यांनी टाकू दिला नाही.