रागाला श्रोता लागतो

यंत्र बिघडले की माणूस यंत्रावर रागावत नाही. जवळच्या माणसावर रागावतो. भिंतीवरचे घड्याळ थांबले तर त्याला किल्ली शेवटी कोणी दिली, या प्रश्नापासून आमच्या घरी संभाषणास प्रारंभ होत असे, आणि ते माहेरच्या मंडळींपर्यंत सहज जाऊन पोहोचे. पत्नी निवर्तल्यापासून ही सोय उरली नाही. बंद घड्याळापुढे मी मुकाट्याने उभा राहतो, आणि तेव्हा मला हटकून ‘सुहैली’ आठवते.

सुहैली ही ३२ फुटी शिडाची नौका. मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात घडवली. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तीत एकटा बसून फाल्मथहून निघाला. कोठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, अशी ती शर्यत होती. वाटेत तळाच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. त्याने समुद्रात बुडी मारून फटींत कापूस ठासला. शार्क घिरट्या घालू लागला तेव्हा वर येऊन बंदुकीने त्याचा निकाल लावला आणि पुन्हा पाण्यात उतरला. सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले, तेव्हा शिडेच अशी तोलून बांधली की नौका आपली आपण वाट धरी. बॅटरी भरणाऱ्या इंजिनाच्या मॅग्नेटोतील फट नेमकी ठेवावयाची होती, पण मोजण्याचे साधन नव्हते. त्याने हाताशी असलेल्या पुस्तकाची पाने मोजली: २०० पानांचा एक इंच, म्हणजे तीन पाने एकत्र धरली की हवे ते माप! तीस वर्षे मी पानांचा अर्थ सांगत आलो. त्यांची जाडी मला एकाही विद्यार्थ्याने विचारली नाही.

पुढे त्याचा रेडिओही बिघडला. ऐकू येई, बोलता येईना. सर्वांनी ही आपत्ती मानली. मला मात्र ती कृपा वाटते. तक्रार ऐकणारे कोणी नसले म्हणजे हात कामाला लागतात.

त्याच शर्यतीत डोनल्ड क्रौहर्स्ट होता. त्याचीही नौका गळत होती, यंत्रे अर्धवट होती. पण रेडिओ चालत होता, आणि किनाऱ्यावर वार्तेसाठी आतुर झालेले लोक होते. त्यांना काय सांगावे? डिसेंबर १९६८ मध्ये तो खोटी स्थाने कळवू लागला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका अटलांटिक महासागरात रिकामी सापडली. त्याला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. ऐकणारा असला की मीही बोलतो, आणि बरेच वाढवून बोलतो.

नऊ स्पर्धकांपैकी एकटी सुहैली ३१२ दिवसांनी फाल्मथला परतली होती. पारितोषिकाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनने क्रौहर्स्टच्या पत्नीला व चार मुलांना देऊन टाकले.