खोडलेल्या तीन ओळी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातील एका व्यवस्थापन विद्यालयाच्या एम.बी.ए.साठी लिहिलेला निबंध घेऊन आमचा भाचा आमच्याकडे आला. भिवंडीच्या एका शीतगृहात तो पाच वर्षे नोकरी करीत होता. बाजार गाठण्याआधीच भाजीपाला कसा नासतो, हे त्याने रोज पाहिले होते. ही नासाडी कमी करणे हे त्याचे दूरचे ध्येय. त्यासाठी पदवीनंतर प्रथम एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीत शिकावे, असे त्याने लिहिले होते. शेवटी तीन ओळी अधिक होत्या : ती नोकरी न मिळाल्यास किराणा-भाजी विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मालपुरवठा विभागात शिरेन; वाट लांबेल, पण जायचे ठिकाण तेच राहील.

त्या तीन ओळी आम्ही लाल शाईने खोडल्या. "लढाईला निघण्याआधीच माघारीची वाट दाखवू नये. कोणी विचारलेच तर दुसरा विचारच केला नाही, असे ठासून सांग," असा उपदेशही केला.

मुलाखतीत नेमके तेच विचारले गेले. भाचा म्हणाला, "मिळेलच." प्रश्न पुन्हा आला. तेव्हा गोंधळून त्याने, "मग बँकेत जाईन," असे सांगितले. बँकेचा आणि भाजीच्या नासाडीचा काय संबंध? पुढे नकार आला. नकाराचे कारण विद्यालयाने कळविले नाही, त्यामुळे दोष त्या एका उत्तराचाच होता असे आम्ही म्हणणार नाही. पण भाचा एवढेच म्हणाला, "मामा, उत्तर मला ठाऊक होते. ते तुम्ही खोडले होते."

वाचकहो, ते वाक्य आम्हांला झोंबले. मग आम्ही विचार करू लागलो की, विद्यालये हे विचारतात तरी कशासाठी? 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि गुंतवणूक बँकांची स्वप्ने पाहणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांपुढे दारे मिटली. 2023 मध्ये काही बड्या सल्लागार कंपन्यांनी नव्या पदवीधरांना रुजू करून घेण्याच्या तारखा पुढे ढकलल्या. अमेरिकेत शिकणाऱ्यांना आणखी एक अडसर. तेथील एच-1बी परवान्यांची वार्षिक मर्यादा 65,000, आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000. लायकी असूनही परवाना हुकू शकतो. अशा जगात 'दुसरा विचारच केला नाही' म्हणणारा उमेदवार धीट ठरत नाही, भाबडा ठरतो.

मात्र पर्याय म्हणजे वाटेल ते नव्हे. दोन्ही वाटांचे मूळ एक असावे : तोच अनुभव, तेच कौशल्य, तेच दूरचे ध्येय. आज सल्लागार, नाही तर बँक, नाही तर चित्रपटनिर्मिती, अशी यादी दिली की पहिल्या ध्येयावरचाही विश्वास उडतो. विचारले नसेल तर निबंधात मुख्य ध्येयालाच जागा द्यावी व पर्याय मुलाखतीसाठी तयार ठेवावा. विचारले असेल तर तो दोन-तीन वाक्यांत, संकोच न करता सांगावा. तेव्हा त्या ओळी निबंधातून काढणे एक वेळ चालले असते. त्या मुलाच्या मनातून काढणे ही आमची चूक होती.

ही चूक आमच्या हातून का झाली, हेही सांगितले पाहिजे. तरुणपणी आम्हांला शिक्षक व्हायचे होते. ते जमले नाही म्हणून बँकेची परीक्षा दिली आणि एकतीस वर्षे तेथे काढली. त्या नोकरीने घर उभे केले, बहिणींची लग्ने केली. तरीही ती 'दुसरी' होती, याची लाज आम्ही मनात जपली. ज्या अन्नाने पोसले त्याला उष्टे म्हणत राहिलो. लाल शाई त्या लाजेची होती. भाच्याच्या निबंधाचा तीत काय दोष?

यंदा त्याने पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी अर्जातच पर्यायाचा प्रश्न होता. त्या तीन ओळी त्याने जशाच्या तशा लिहिल्या आणि निबंध आम्हांला वाचायला दिला. आम्ही एक ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारले. निकाल अजून यायचा आहे.