साताऱ्याहून कासला, सायकलवरून

साताऱ्यात कुणाकडे पाहुणे आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ठरलेला प्रश्न येतो, "मग, कासला कधी जायचं?" पाहुणे भाद्रपदातले असतील तर बघायलाच नको. पोळ्या-बटाट्याची भाजी बांधायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, घाटात मुलांना मळमळतं म्हणून लिंबू घ्यायचं आणि सगळ्यांनी गाडीत दाटीवाटीनं बसायचं. तासाभरात पठार, फुलांपुढे फोटो, तलावाकाठी जेवण आणि दिवेलागणीला घरी. अशी मी कासला किती वेळा गेले असेन, त्याची मोजदाद नाही. पण मधला रस्ता कसा आहे असं कुणी विचारलं असतं, तर "वळणावळणाचा आहे" यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं. गेल्या सप्टेंबरात तो सगळा रस्ता मी सायकलवरून केला, आणि आता त्यावर बोलायला बसले तर थांबवावं लागेल!

सायकल ही माझी जुनीच हौस. कॉलेजात असताना आम्ही चार-पाच मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचो आणि तीस-चाळीस किलोमीटर सहज फिरून यायचो. मग बी.ए. झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली. सायकल माळ्यावर गेली नाही, पण जिन्याखाली गेली, आणि जिन्याखाली गेलेली वस्तू परत बाहेर येत नाही हे आपणा सगळ्यांना ठाऊक आहेच. मध्ये नऊ वर्षं गेली.

बायकांची सायकल नेमकी कधी सुटते, याचा मी पुष्कळदा विचार करते. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकलचं कौतुक आहे. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. आमच्या शाळेच्या फाटकाशीही मुलींच्या सायकलींची रांग असते. पण बारावी झाली की ती मुलगी स्कूटरवर जाते, आणि लग्न झालं की पुष्कळदा कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे. बंदी कुणी घातलेली नसते. "आता कशाला?" एवढा एकच प्रश्न पुरतो. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, मुलाबाळांच्या आया होत्या. अक्षरओळखीच्या जोडीला सायकल का, तर जिला स्वतःहून कुठे जाता येतं तिचं कुणावाचून अडत नाही. हे वाचल्यापासून "आता कशाला?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं.

उत्तर होतं, पण दम नव्हता. जिना चढून वर आलं तरी धाप लागायची. म्हणून जिन्याखालची सायकल काढण्याआधी मी रक्त तपासून घेतलं. मैत्रिणींनो, ही गोष्ट टाळू नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. मीही त्यातलीच निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "व्यायाम जरूर करा, पण बेताबेतानं." तीन महिने गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि रोज संध्याकाळी चालणं एवढंच केलं.

मग सायकलचं ओव्हरहॉलिंग. टायर-ट्यूब नवीन, ब्रेकची रबरं नवीन, चेन साफ करून तेल. दुकानदारानं सीट खाली घ्यायला पाना उचलला, तेव्हा मी नको म्हटलं. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून बायकांची सीट नेहमी खाली ठेवतात. मग गुडघा कायम दुमडलेला राहतो आणि चार दिवसांत दुखायला लागतो. पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच हवी. उतरताना सीटवरून पुढे सरकायचं, की पाय टेकतात. दोन दिवसांत सवय होते.

पहिला सराव संगम माहुलीचा. साताऱ्याहून पाचेक किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा जिथं भेटतात ते हे ठिकाण. काठावर जुनी दगडी देवळं आणि घाट. पहाटे नदीवर धुकं असतं आणि पुजाऱ्याशिवाय कुणी नसतं. जाताना रस्ता बराचसा उताराचा, त्यामुळे आपण अजून विशीतच आहोत असं वाटतं. परतीच्या चढावर खरं वय कळतं! पहिल्या दिवशी येताना मी तीनदा थांबले. पंधरा दिवसांनी एकदा, आणि महिन्याभरानं थांबावं लागलंच नाही.

आठवड्यातून तीनच दिवस जायचं, मध्ये विश्रांती घ्यायची, आणि अंतर थोडं थोडंच वाढवायचं हा नियम मी पाळला. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीच्या दिवशी. दुसरा नियम असा, की चालवताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. माझी शेजारीण म्हणजे आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. त्यांना गप्पांची हौस, त्यामुळे हा नियम आपोआप पाळला गेला.

मार्चमध्ये आम्ही लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत गेलो. ही साताऱ्याहून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. नाव बारा मोटेची, पण मोटा लावायच्या जागा आहेत पंधरा. विहिरीच्या पोटात छोटा महालच आहे. भर उन्हाळ्यात त्या दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही डब्यातला उपमा खाल्ला. एका बाईनं तीनशे वर्षांपूर्वी आमराईला पाणी मिळावं म्हणून एवढं बांधकाम करवून घेतलं, आणि आपल्याला घरातून दोन तास बाहेर पडायला किती विचार करावा लागतो, असं मनात आलं. तिथपर्यंतच्या वाटेत हमरस्त्याचा भाग आहे. कडेनं एकामागे एक जायचं आणि उजेड झाल्याशिवाय निघायचं नाही.

घरातलं सांगायचं तर ह्यांची हरकत नव्हती, फक्त "मी गाडीनं सोडतो ना" हे पालुपद होतं. सासूबाई मात्र गप्प असायच्या. त्यांचं गप्प राहणं म्हणजे काय, हे घरातल्या सुनेला सांगावं लागत नाही. एकदा म्हणाल्या, "व्यायामच हवा तर अंगण झाडा की." मी म्हटलं, "अंगण झाडूनच जाते, आई." त्यात चेष्टा नव्हती. खरोखरच झाडून जात होते. डबे, पूजेची तयारी, मुलांच्या बाटल्या सगळं रात्रीच मांडून ठेवायचं, आणि साडेपाच ते सात ही वेळ माझी. बाईमाणसाला दिवसाकाठी स्वतःचा म्हणून तास-दीड तास असावा की नाही, हा या सगळ्यातला खरा प्रश्न होता. तो कुणी उघड विचारला नाही, आणि मीही वाद घातला नाही. मात्र ठरलेल्या दिवशी जायचं चुकवलं नाही.

मे महिन्यात यवतेश्वरचा घाट सुरू केला. समर्थ मंदिरावरून पुढे गेलं की चढ लागतो. घाट एका दिवसात चढायचा हट्ट धरलाच नाही. पहिल्या दिवशी दोन वळणं, पुढच्या खेपेला चार. पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, म्हणजे गिअर अगदी हलका. पाय भराभर फिरतात, सायकल गोगलगायीसारखी जाते, पण जाते. जड गिअर घेऊन जोर लावला की गुडघे कुरकुरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात यवतेश्वरच्या महादेवाचं दर्शन घेतलं. मग पाऊस आला. साताऱ्याच्या पावसात घाटात धुकं इतकं, की समोरची गाडी दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाट बंद ठेवला. घरचा जिना चढ-उतर करून आणि उघडीप मिळेल तेव्हा माहुलीला जाऊन सराव राखला.

सप्टेंबरच्या शेवटी शाळेला आडवारी सुट्टी आली. शनिवार-रविवारी पठारावर गाड्यांची रीघ लागते, म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला. सहाला निघालो. घाट आता ओळखीचा झाला होता. मागे अजिंक्यतारा, आणि त्याच्या कुशीत आमचं गाव. वर येईल तसा किल्ला आपल्या बरोबरीला येतो. यवतेश्वरच्या पुढे रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. डावीकडे उरमोडी धरणाचं पाणी आणि सज्जनगड, उजवीकडे कण्हेरचं पाणी. दोन्हीकडे खोल दऱ्या आणि मधून आपण. गाडीत बसलं की यातली एकच खिडकी वाट्याला येते. इथं चढ आणि उतार आलटून पालटून येतात. पेट्रीच्या आसपास ओल्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. एक आजी दारात उभ्या होत्या. "कुठवर?" "कासला." "आन् माघारी?" "माघारी पण." त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "जावा, जावा."

शेवटचे पाच किलोमीटर जड गेले, हे कबूल. मांड्या भरून आल्या, बोलणं बंद पडलं. मग उतरून पाच मिनिटं बसलो, चिक्की खाल्ली, मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यालो. पावणेनऊला पठार आलं. सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि चढ साधारण पाचशे मीटरचा.

कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या एकूण ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या राज्यातली चार त्यात आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. इथं खाली सगळा जांभा दगड, वर मातीचा पातळसा थर. मोठं झाड मूळ धरू शकत नाही, म्हणूनच इवल्या रोपांना जागा मिळते. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढऱ्या टाचणीसारखे गेंद, मिकी माऊस या नावानं मुलांना पाठ असलेला पिवळा कवला, आणि जांभळट निळी सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण मातीत कस नाही म्हणून ही सीतेची आसवं बारीक किडे पकडून पोट भरतात. आणि टोपली कारवी! पालथ्या टोपलीसारखं गोल झुडूप. ते सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं. मधल्या वर्षांत बघणाऱ्याला ते नुसतं हिरवं झुडूप वाटतं. ते काही वाळलेलं नसतं, आत त्याची तयारी चालू असते. त्या झुडपांशेजारी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

थोडं पुढे कासचा तलाव. काठोकाठ भरला होता. साताऱ्याच्या काही भागाला याच तलावाचं पाणी येतं, डोंगरावरून उतारानं. अलीकडे धरणाची उंचीही वाढवली आहे. पहाटे नळ आला की हंडे-कळशा भरायची आपली घाई असते, पण ते पाणी केवढा डोंगर उतरून येतं, हे मला तो डोंगर चढल्यावर कळलं.

उतरताना सांभाळून. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायचे आणि सोडायचे, वळणाच्या आत नव्हे तर वळण येण्याआधी वेग कमी करायचा. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं, तिथं चाक घालायचं नाही. हेल्मेट अर्थातच हवं. ओढणी घरी ठेवावी, सलवारीचा घोळ क्लिपनं आवळावा. एक जादा ट्यूब, छोटा पंप आणि कुणाला तरी निघायची-परतायची वेळ सांगून ठेवणं, एवढं केलं की पुरे. फुलांच्या हंगामात पठारावर प्रवेशशुल्क असतं, आगाऊ नोंदणी करून जाणं बरं.

बारा वाजता घरी पोचले. सासूबाई ओट्याशी कोशिंबीर करत होत्या. दमलीस का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "तळं भरलंय का गं?" "काठोकाठ, आई." "मग उन्हाळ्याची काळजी नाही," असं म्हणून त्यांनी माझं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तळ्याची बातमी त्यांनीच सांगितली, "आमची सून सायकलवरून जाऊन बघून आली," म्हणून.

आता कासच्या पुढे बामणोलीपर्यंत, शिवसागराच्या पाण्यापर्यंत जायचं मनात आहे. तो रस्ता उतरत जातो, म्हणजे परतताना चढावाच लागेल. खेळाच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीतला दिवसही सुचवून ठेवला आहे. तोवर आठवड्यातले तीन दिवस माहुली आणि यवतेश्वर चालू राहील. तुमच्याही गावाजवळ असा एखादा घाट असेलच, आणि जिन्याखाली कदाचित सायकलही. आधी तिची हवा बघा, मग आपलं रक्त. दोन्ही ठीक असलं, की पहिल्या दिवशी दोनच वळणं चढा.