वानवडीची शिंदे छत्री

विक्रोळीहून सकाळीं निघालेल्या प्रवाशास दुपारपर्यंत पुण्यास, वानवडीच्या शिंदे छत्रीपाशीं पोंचतां येतें. महादजी शिंदे येथेंच १७९४ सालीं निवर्तले. फ्रान्सच्या सैन्यांत शिकलेल्या डी बॉईननें त्यांच्यासाठीं १७८४ पासून कवाइती पलटणी उभारल्या. पगार वेळेवर व्हावा म्हणून पुढें दुआबांतील मुलूख तोडून देण्यांत आला. जखमी शिपायास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व जखमेच्या मानानें बक्षीस मिळे. जायबंदी झाल्यास जन्मभर अर्धा पगार. १८०३ सालीं डी बॉईनच्या जागीं आलेला फ्रेंच सेनापति पेराँ नोकरी टाकून इंग्रजांच्या आश्रयास गेला. परंतु मागें राहिलेले शिपाई राजपुतान्यांतील लासवारीस तोफांपाशीं प्राणपणानें लढले. परक्याची विद्या अवश्य घ्यावी, पण सेनापति घरचाच असावा, हाच बोध या छत्रीपुढें उभें राहिलें म्हणजे मनांत ठसतो.