किती व्हाइट, किती कॅश?

घर बघायला गेलं की दिशा, पाणी, पार्किंग, मेंटेनन्स यांच्याच ओळीत हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचा आवाजसुद्धा खाली जात नाही. एजंट विचारतो, विकणारा विचारतो, कधी घेणाराच विचारतो. आपण करचुकवेगिरीबद्दल बोलतोय असं कुणालाच वाटत नाही. ती आपली 'पद्धत' असते.

गेल्या वर्षी आम्हा भावंडांना आईबाबांचा नाशिकचा फ्लॅट विकायचा होता, तेव्हापासून ही पद्धत डोक्यात घोळतेय. फ्लॅटकडे येतेच, पण आधी थोडं मागून सुरुवात करते.

काळा पैसा म्हटलं की आपल्याला स्विस बँक आठवते, नाहीतर सिनेमातली नोटांनी भरलेली सूटकेस. खरं तर तो एकट्यादुकट्याला तयारच करता येत नाही. समजा फ्लॅटची किंमत ६० लाख ठरली आणि कागदावर ४५ लाख लिहिले. घेणाऱ्याची स्टॅम्प ड्यूटी वाचली, विकणाऱ्याचा नफ्यावरचा कर वाचला, एजंटला त्याचं कमिशन रोखीत मिळालं. वरचे १५ लाख पुढे कुठल्यातरी दुसऱ्या घरात किंवा लग्नाच्या खर्चात जिरले. पावती नाही, सही नाही, सगळा मामला विश्वासाचा. इतका एकोपा आपण सोसायटीच्या वार्षिक सभेत दाखवला तर काय बहार येईल :)

सरकारी खात्यांचं वर्षानुवर्षं बरोबर उलटं होतं. आयकर केंद्राचा, दस्तनोंदणी राज्याची, विक्रीकर राज्याचा, अबकारी केंद्राची आणि जकात महापालिकेची. नाक्यावर मालाची एक किंमत सांगायची, विक्रीकराला दुसरी आणि आयकराला तिसरी, हे जमायचं कारण एका ऑफिसातली फाइल दुसऱ्या ऑफिसात जायची नाही. कर बुडवणाऱ्याची सगळी भिस्त त्यावर होती.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. आर्थिक गुन्ह्यांची माहिती काढणाऱ्या यंत्रणांमध्ये मेळ बसावा म्हणून १९८५ मध्येच केंद्रीय आर्थिक गुप्तवार्ता ब्युरो स्थापन झाला. मोठ्या रोख व्यवहारांची माहिती बँकांकडून घेणारं वित्तीय गुप्तवार्ता केंद्र २००४ मध्ये आलं. पण सामान्य माणसाच्या लक्षात राहिले ते मात्र दणके. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता! शंभरातले सव्वादोन रुपये हातात राहणार असतील तर माणूस काय करेल ते सांगायला नको. १९९७ मध्ये उत्पन्न स्वतःहून जाहीर करायची योजना आली. मग २०१६ ची नोटाबंदी. त्यात बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये सांगितलं.

माझ्या मते खरा बदल झाला तो गाजावाजा न करता. जून २०१३ पासून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून आयकर खात्याकडे भरायचा, असा नियम आला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि विकणाऱ्याचं बिल घेणाऱ्याच्या हिशेबाशी ताडून बघता येऊ लागलं. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर मंडळांनी २०१५ मध्ये केलेला माहितीच्या देवाणघेवाणीचा करार जुलै २०२० मध्ये नव्याने केला. आणि नोव्हेंबर २०२१ पासून करदात्याला आपल्या पोर्टलवर एआयएस दिसू लागलं. व्याज, डिव्हिडंड, शेअर, म्युच्युअल फंड, घराची खरेदी-विक्री... बँकेने, कंपनीने, नोंदणी कार्यालयाने आपल्याबद्दल जे जे कळवलं ते एका जागी.

आता फ्लॅट. पहिलंच गिऱ्हाईक चांगलं होतं, पण १५ लाख रोख द्यायचे म्हणत होतं. वर सांगितलेलं उदाहरण आमचंच आहे! दादा म्हणाला, "अगं, सगळेच करतात. आपण तिघांनीच हरिश्चंद्र का व्हायचं?" ताई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबांनी वीस वर्षं पगारातून हप्ते भरले. त्यांचा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जायचा. त्यांना कुठे होती ही सोय?" त्यावर कुणीच काही बोललं नाही. ते गिऱ्हाईक गेलं.

मग चार महिने फ्लॅट पडून. शेवटी एका तरुण जोडप्याने तो ५६ लाखांना घेतला, सगळे चेकने. दोघं नोकरी करणारी. आधी दोन घरं त्यांच्या हातची गेली होती, कारण मालकांना रोख हवी होती. बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर. वरची रोकड पगारदार माणसाने आणायची कुठून? या 'पद्धती'त सरकारचा कर बुडतो हे माहीतच होतं. ज्याच्याकडे फक्त कमावलेला पैसा आहे त्याला दारातूनच परत जावं लागतं, हे मात्र त्या दोघांशी बोलताना पहिल्यांदा नीट कळलं. दादा अजूनही "चार लाख गेले आणि कर वाढला तो वेगळाच" असं म्हणतो. तो हे वाचेलच, म्हणून लिहून ठेवते, की सही करताना त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

रिटर्न भरायला बसलो तेव्हा तिघांच्याही एआयएसमध्ये फ्लॅटची विक्री आधीच हजर होती. ताईला गंमत वाटली, दादा जरा दचकला. माझ्या मनात आलं ते वेगळंच. आम्ही ते १५ लाख रोख घेतले असते तर इथे फक्त ४५ दिसले असते, आणि नोंदणी कार्यालय, बँक, आयकर या सगळ्यांचे आकडे एकमेकांशी छान जुळले असते! दोन खात्यांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर आता पकडलं जाणं सोपं झालंय. पण सगळ्यांनी मिळून एकच खोटं सांगितलं तर कॉम्प्युटरला ते खरंच वाटणार. किंमत रेडी रेकनरच्या फार खाली दाखवता येत नाही, एवढाच काय तो अडसर.

त्यासाठी माणसालाच जागेवर जाऊन बघावं लागतं. २०२३ मध्ये मे ते जुलै या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी अधिकाऱ्यांनी मिळून देशभर बोगस नोंदण्यांची मोहीम राबवली. २१,७९१ नोंदण्यांमागे प्रत्यक्षात कुणी धंदा करणारं नव्हतंच, आणि सुमारे २४ हजार कोटींच्या करचोरीचा संशय निघाला. अशा बोगस कंपन्या पुष्कळदा एखाद्या मजुराच्या किंवा रिक्षावाल्याच्या कागदपत्रांवर काढलेल्या असतात. त्या बिचाऱ्याला नोटीस येईपर्यंत पत्ता नसतो.

आणि मजुरावरून आठवलं. बिल्डरकडे आलेली रोकड खाली रोख मजुरी म्हणूनही उतरते. हजेरीच्या वहीत नाव नाही, पीएफ नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचं काम कुठल्याच कागदावर नाही, त्याला तो दाखला कोण देणार? घर घेणाऱ्याचे दोन पैसे वाचतात, पण घर बांधणाऱ्याची सबंध वर्षांची मेहनत हिशेबातून गायब होते.

असो. जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. घर विकायचं असेल आणि सगळी रक्कम चेकनेच घ्यायची असेल, तर जाहिरातीतच तसं स्पष्ट लिहा. आम्ही ती ओळ टाकली आणि पुढच्याच रविवारी चार फोन आले. चौघंही पगारदार होते, आणि चौघांनीही आधी हेच विचारलं, "नक्की सगळे चेकने ना?"