गादी कुणाची?

वीकेंडचा प्लॅन विचारला, की मी हल्ली खरं तेच सांगते. न्हावरेला चाललेय, कोंबड्यांची गादी हलवायला. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो! कुणाला वाटतं ॲग्रो टुरिझम, कुणाला वाटतं मी कुठल्याशा स्टोरीच्या मागे आहे. एका मैत्रिणीने तर ‘ऑरगॅनिक का गं?’ असं डोळे मोठे करून विचारलं. नाही गं बाई. चुलतभावाचं पाच हजार ब्रॉयलरचं शेड आहे, आणि वहिनींना मदत लागते. एवढंच.

नगर रोडच्या ट्रॅफिकमधून एकदाचं सुटायचं, शिरूर गाठायचं, तिथून चौफुल्याच्या रस्त्याला लागायचं, की न्हावरे. घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. इकडे तिकडे ऊसच ऊस. कोंबड्यांचा धंदा इथे जोडधंदा म्हणून चालतो, म्हणजे तसं म्हणतात. प्रत्यक्षात ‘जोड’ कोण आणि ‘धंदा’ कोण, ते शेवटी सांगते.

फंडा साधा आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. चाळीसेक दिवसांनी कंपनीची गाडी येते, कोंबड्या भरून नेते आणि वजनाच्या हिशेबाने पैसे देते. शेतकऱ्याचं काय? शेड, पाणी, लाइट, मेहनत आणि तूस. भाताचं तूस, तेच खाली अंथरायचं. यालाच गादी म्हणतात. आता न्हावऱ्यात भात कुठला? तूस येतं मावळातून, राइस मिलवरून. (शेजारी कारखाना असून बगॅस का नको? मी विचारलं होतं. एक तर तो बॉयलरला जातो, आणि दुसरं म्हणजे ओल धरतो आणि त्याला बुरशी लागते.)

एका कोंबडीला साधारण एक चौरस फूट जागा. आपण क्युबिकल लहान म्हणून एचआरला मेल टाकतो! त्या एका फुटात खाणं, पिणं, झोपणं आणि बाकी सगळं. विष्ठेतल्या युरिक ॲसिडचा बॅक्टेरिया अमोनिया करतात, आणि गादी ओली असेल तर झपाट्याने करतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग झाले, की कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेला इजा होते, वजन वाढत नाही. ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतूही फोफावतात. म्हणून रोज पहाटे दाताळं घेऊन गादी वरखाली करायची. हवा खेळली पाहिजे, कुठे ढेप होता कामा नये.

‘आधी मूठभर घेऊन दाबा ताई,’ वहिनींनी पहिल्याच दिवशी शिकवलं. ‘गोळा झाला तर ओलं. हात उघडल्यावर सुटलं तर झकास. आन् पार धूळ उडाली तरी वाईटच.’

माझं खरं काम मात्र वेगळंच आहे. वास घेणं! वर्षानुवर्षं त्यातच राहिल्यामुळे वहिनींना अमोनियाचा वास आता येतच नाही. नाक सरावतं. डोळ्यांना मात्र पाणी येतं, ते त्या पदराने पुसतात आणि मला दारात उभं करतात, ‘तुमचं शहरातलं नाक हाय, सांगा बरं.’ मासकॉमच्या डिग्रीचा इतका थेट उपयोग मला आजवर कुणी केलेला नाही. मी ‘येतोय’ म्हटलं, की पडदे खाली आणि दाताळं हातात.

पिल्लं नवी असतात तेव्हा तुसावर रद्दी अंथरतात, नाहीतर ती तूसच टिपून खातात. मी मोठ्या कौतुकाने आपल्या या साप्ताहिकाचे जुने अंक घेऊन गेले होते. वहिनींनी पान बोटाने चोळलं आणि बाजूला ठेवलं. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात, मग ती उभीच राहत नाहीत. साधा वर्तमानपत्राचा कागद हवा, तोही एक-दोन दिवस. संपादकांनी वाईट वाटून घेऊ नये.

बॅच गेली की खरं मरण. फावड्याने सगळी गादी ओढायची, गोण्या भरायच्या, जाळ्यांना चिकटलेली पिसं जाळायची, जमीन सोड्याने घासायची, वाळवायची, चुना मारायचा, औषध फवारायचं. मग दहा-पंधरा दिवस शेड रिकामं. हे वर्षाला पाच-सहा वेळा. दादा यात असतो, नाही असं नाही. पण तो कारखाना, सोसायटी, मोटर, लाइटची वेळ यांत जास्त असतो. सुपरवायझर आला की ‘शेठ आहेत का?’ असंच विचारतो. दारावर जे कार्ड लटकतं त्यात मर किती, खाद्य किती, वजन किती, सगळे रकाने आहेत. गादी किती वेळा हलवली, याचा रकाना नाही.

गेल्या मे महिन्यात रात्री वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने पडद्याची दोरी तुटली आणि पश्चिमेची बाजू भिजली. मी तिथेच होते. वहिनींनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि पहाटेपर्यंत ओला पट्टा खरवडून बाहेर काढला, कोरडं तूस टाकलं, थोडा चुना भुरभुरला. तिसऱ्या दिवशी रक्त दिसतंय का, म्हणून त्या वाकून वाकून विष्ठा बघत होत्या. दिसलं नाही. कार्डावर त्या रात्रीची नोंद अशी : मर 4.

या धंद्यात कशाचाच भरवसा नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तेव्हा कोंबड्या मारल्या, आणि अशा वेळी अंडी, खाद्य, गादीसुद्धा नष्ट करावी लागते. 2020 च्या मार्चमध्ये रोग कोंबडीला नव्हताच, तो वॉट्सॲपवर होता, तरी भाव कोसळला. दादाचं शेड तेव्हा काही महिने रिकामं होतं. घरात पैसा आला तो फक्त साठवलेल्या कोंबडखताचा.

कारण कंपनी सगळं नेते, गादी नेत नाही. चाळीस दिवसांत त्या तुसाचं खत झालेलं असतं. ताजं टाकलं तर पिकाची मुळं करपतात, पण ढीग करून कुजवलं की ऊस, कांदा, डाळिंबवाले दारात येऊन गोणीवर नेतात. त्याचा हिशेब वहिनींच्या वहीत असतो. मुलीची 11वीची फी आणि हॉस्टेल त्यातूनच गेलं. फ्रीलान्सर असल्यामुळे मला ही वही फार कळते. कामाच्या बदल्यात स्वतःच्या नावावर आलेला पैसा!

यंदा दादाने जाहीर केलं, युरियाला पैसे घालवायचे नाहीत, सगळं खत आपल्याच दोन एकर उसाला. जेवताना सांगितलं, सहज, भाकरी मागावी तसं.

वहिनींनी भाकरी वाढली. म्हणाल्या, ‘टाका की. भाव बाहेरच्यांचाच राहील.’

‘घरच्या घरात कसला भाव?’

‘तूस घरातनं आलं होतं का?’

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी आमटीकडे बघितलं. मग तो म्हणाला, बरं, गोणीमागे काहीतरी कमी करा. वहिनींनी वही काढली, मागच्या खेपेला कांदेवाल्याने दिलेला भाव दाखवला. कमी केला नाही. फक्त म्हणाल्या, रिकाम्या गोण्या झाडून, वाळवून परत आणायच्या, नाहीतर त्यांचे पैसे वेगळे.