फर्मर साहेबांचा मुलगा आणि माझी लेक

२०२४ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळी अंगणात चहा घेत बसलो होतो, तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेकीचा फोटो आला. मागे भलंमोठं दालन, छताला झुंबरं, भिंतींवर कोरीव मूर्ती, पायाखाली चकचकीत फरशी आणि मधोमध आमची लेक, हसत उभी. फोटोखाली एकच शब्द होता, ‘पोलंड’. सौ. फोटो पाहून हरखून गेली. मी मात्र कप खाली ठेवला. दिवाळीच्या सुमारास ड्रेस्डेन झालं होतं, नाताळात बर्लिन, जानेवारीत प्राग. आता पोलंड. दहा मिनिटांत मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा शेरा आला, “पोरगी शिकायला गेली का फिरायला?” त्याखाली दोघाचौघांनी हसरे चेहरे टाकले.

मोठेबाबा गमतीतच बोलले असतील. पण मला ते लागलं, कारण माझ्याही मनात तेच होतं.

मी भरवेलीच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं सर्व्हेयर होतो. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतात. त्या पगारावर बालाघाटात घर झालं, मुलांची शिक्षणं झाली, पण परदेश काही आमच्या हिशेबात नव्हता. लेकीनं नागपूरला मायनिंग इंजिनिअरिंग केलं तेव्हाच नातेवाइकांनी डोक्याला हात लावला होता. खाण कायद्याप्रमाणे बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी होती, ती २०१९ साली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती सैल झाली. म्हणजे मी ज्या खाणीत माझं आयुष्य काढलं, तिथं माझ्या मुलीला नोकरीसाठी खाली उतरणं इतकी वर्षं कायद्यानंच शक्य नव्हतं. तिला मात्र लहानपणापासून तेच करायचं होतं. मी रात्री नकाशे पसरून बसलो की ती पेन्सिलींना टोक करून द्यायची.

पुढचं शिक्षण तिनं फ्रायबर्गला घ्यायचं ठरवलं. (मोठेबाबांनी नकाशात फ्रायबुर्ग शोधून काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. ते वेगळं, जर्मनीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात!) हे फ्रायबर्ग सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनपासून चाळीसेक किलोमीटरवर. ११६८ साली तिथं चांदी सापडली आणि त्या चांदीवर शहर उभं राहिलं. खाणकाम शिकवणारी तिथली संस्था १७६५ सालची, आज ती विद्यापीठ आहे. इंडियम आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्यं त्याच गावात सापडली. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी एक खरीखुरी जुनी चांदीची खाण राखून ठेवलेली आहे, आणि तिथं मुलगा-मुलगी न बघता सगळ्यांनाच खाली उतरवतात. माझं मन वळलं ते या एका गोष्टीवर.

शिकवणीची फी तिथं नाही. पण एका वर्षाच्या राहण्याखाण्याचा पैसा आधीच खात्यात भरून दाखवावा लागतो. २०२३ साली ती रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे आपले जवळपास दहा लाख, आणि त्यातले महिन्याला ९३४ च काढता यायचे. वारासिवनीकडची आमची दोन एकर धानाची जमीन बँकेत गहाण पडली. हप्त्याचं गणित मी वहीत मांडलं होतं आणि त्यात प्राग-पोलंडचा रकाना नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी फोन लावला. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. जमीन गहाण टाकून पोरीला झुंबरं बघायला धाडलं नाही, असं एक वाक्य बोललो एवढं पक्कं आठवतं. ती मधे एकदा म्हणाली, “बाबा, ती...” पण मी तिला पुढं बोलू दिलं नाही. शेवटी “बरं बाबा” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ग्रुपवर तिचे फोटो येणं बंद झालं. रविवारी फोन यायचा, पण आईला. मी समोर असलो तर “बाबा बरे आहेत ना?” एवढं विचारून व्हायचं. भांडण असं नव्हतं, अबोलाही नव्हता. खाणीत जुन्या कामाकडची वाट बंद करतात, तसं काहीतरी झालं होतं.

तीन-चार आठवडे गेले. एका रात्री सौ.ने जेवण झाल्यावर आपला मोबाईल माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, “हे तुम्ही पाहिलंच नाही. फोटोसोबतच पाठवलं होतं तिनं.” लेकीनं काढलेला व्हिडिओ होता. लाकडी जिना, खाली खाली जाणारा. तिचा आवाज, “आई, बाबांना दाखव. पहिल्या लेव्हलपर्यंत तीनशे ऐंशी पायऱ्या आहेत, चौसष्ट मीटर.” मग लाकडी टेकू, गॅलऱ्या, घोड्यांनी फिरवायचा जुना रहाट. आणि सगळ्यात शेवटी ते झुंबरांचं दालन.

ती खाण होती. क्राकोवजवळची विएलिच्काची मिठाची खाण. तेराव्या शतकापासून सातशे वर्षं चाललेली, आता युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेली. ते दालन म्हणजे जमिनीखाली १०१ मीटरवर मिठात कोरलेलं प्रार्थनामंदिर. मूर्ती मिठाच्या, फरशी मिठाची, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. खाणकामगारांनीच कोरलेलं.

तीस वर्षं खाणीत घालवलेल्या माणसाला फोटोतली खाण ओळखता आली नाही. फोनवर ती “बाबा, ती...” म्हणाली होती, तेव्हा पुढचा शब्द हाच असणार.

मग सौ.ने बाकीचंही सांगितलं, जे मायलेकींना माहीत होतं आणि मला नव्हतं. पोरगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दगडांचे नमुने दळण्याचं, चाळण्याचं काम करते, आणि फिरण्याचा पैसा त्यातला असतो. खात्यातल्या ९३४ ला ती हात लावत नाही. जर्मनीभर साध्या गाड्यांना चालणारं ४९ युरोचं महिन्याचं तिकीट तेव्हा होतं, त्यावर ती फिरायची. जलद गाड्यांना ते चालत नाही, म्हणून चार तासांचा प्रवास आठ तासांत. देशाबाहेर जायचं तर रात्रीची बस, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. मुक्काम करावाच लागला तर दहा-बारा खाटांच्या खोलीत एक खाट. डब्यात भात. आपला चिन्नोर तिनं नेला होता पाच किलो, तो जपून जपून सणासुदीलाच करायची.

माफी मागायची म्हणजे काय करायचं, हे आमच्या पिढीतल्या बापांना कुणी शिकवलं नाही. मी दोन दिवस विचार केला आणि तिला एक ओळ लिहून पाठवली, “मिठाच्या खाणीत पाणी शिरलं तर काय करतात?” उत्तर म्हणून सात मिनिटांचा आवाजी संदेश आला. पाणी मीठ विरघळवतं, म्हणून तिथं पाणी हाच पहिला शत्रू. ते कुठं अडवतात, कसं उपसतात, सगळं सांगितलं. मी तो तीनदा ऐकला. नंतर ती अशीच एकेक गोष्ट पाठवू लागली, ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. ड्रेस्डेनजवळच्या छोट्या वाफेच्या गाडीचा व्हिडिओ आला, खाली लिहिलं होतं, “गेज ७५० मिलिमीटर.” आपली सातपुड्याची छोटी लाईन ७६२ ची होती. फक्त बारा मिलिमीटरचा फरक! आमची छोटी गाडी गेली, लाईन मोठी झाली, त्याचा फायदाच झाला. पण ती शिट्टी ऐकून मला गोंदियाहून रात्री परतताना खिडकीशी झोपलेली लहानगी लेक आठवली.

एकदा ती शोना नावाच्या शेवटच्या जर्मन स्टेशनावर उतरून नावेनं एल्ब नदी ओलांडून पलीकडे चेक देशात गेली. कुणी काही विचारलं नाही. उलट प्रागहून परतताना गाडीत पोलीस चढले आणि तिची कागदं तपासली. जर्मनीनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून चेक आणि पोलंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली होती. हे ऐकून सौ. घाबरली. मला २०२० चं रजेगाव आठवलं. बाघ नदीच्या पुलावर कठडे लावले होते आणि पलीकडे गोंदियात माझी सख्खी बहीण आजारी होती. आपण सीमेवरची माणसं. नदीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरं, आणि लग्नं, बाजार, दवाखाने दोन्हीकडे. लेकीला त्या नावेत बसून इथलंच काही आठवलं असेल तर नवल नाही.

आता फर्मर साहेबांचं सांगतो.

लुईस ली फर्मर हे इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ १९०२ साली हिंदुस्थानात आले. भारतातल्या मँगनीजवर त्यांनी १९०९ साली हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. बालाघाट, भंडारा, नागपूर, छिंदवाडा, सगळा पट्टा त्यात आहे. आमच्या ऑफिसच्या कपाटात तो होता. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंडांच्या नावावरून ‘गोंडाईट’ असं नाव दिलं, आणि छिंदवाड्याच्या सितापारला सापडलेल्या एका खनिजाला पुढं त्यांचं नाव मिळालं, ‘फर्मोराईट’. घरात लेकीनं हे नाव माझ्या तोंडून इतकं ऐकलं होतं, की लहानपणी तिला फर्मर साहेब म्हणजे आमच्या खाणीतले मॅनेजर वाटायचे.

२०२४ च्या सप्टेंबरात ती व्हिएन्नाला गेली होती. तिथं जुन्या पुस्तकांच्या पेटीत तिला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. रात्री साडेअकराला मला फोन आला. आईला नव्हे, मला. “बाबा, फर्मर साहेबांना मुलगा होता!”

पॅट्रिक ली फर्मर. जन्म १९१५. पोर तान्हं असताना आई हिंदुस्थानात नवऱ्याकडे निघून आली आणि त्याला इंग्लंडमधल्या एका कुटुंबात ठेवलं. चार वर्षांचा होईपर्यंत तो तिथंच वाढला. पुढं आईवडील वेगळे झाले. शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा १९३३ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, हॉलंडच्या किनाऱ्यावरून पायी निघाला तो थेट इस्तंबूलला जाण्यासाठी. खर्चाला आठवड्याला एक पौंड, तोही पुढच्या गावच्या टपाल कचेरीत येऊन पडायचा. म्युनिकला पाठपिशवी चोरीला गेली, पासपोर्टसकट. कधी गोठ्यात झोपला, कधी सरदारांच्या वाड्यात. निघताना वडिलांना विचारलं नव्हतं. ते कलकत्त्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते. वाटेवरून पत्र टाकायचं, म्हणजे ते पोचेपर्यंत नाही म्हणायला उशीर झालेला असेल, असा त्याचा हिशेब. वर्षभरानं तो इस्तंबूलला पोचला. त्या प्रवासावरचं पहिलं पुस्तक त्यानं १९७७ साली काढलं, तेच लेकीच्या हाती लागलं होतं.

मी विचारलं, “वडिलांबद्दल काय लिहिलंय?”

“फार नाही बाबा. दगड फोडायची हातोडी घेऊन फिरणारे वडील, आणि त्यांच्यासोबत लाजणारा लहान मुलगा. रजेवर आले की भेटायचे, तेवढंच.”

मी गप्प राहिलो. फर्मर साहेबांनी आमच्या जिल्ह्यातला दगड न् दगड पाहिला होता. तीही काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्ही नकाशे काढायचे ना रात्री, तेव्हा मला झोप आलेली असायची. पण पेन्सिली संपेपर्यंत मी उठायची नाही.” हे मला आजवर माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी ते पुस्तक फोनवर वाचलं. ती रविवारी दोन-तीन पानं इंग्रजीत वाचायची, अडलं की मराठीत सांगायची. सौ. शेजारी तांदूळ निवडत ऐकायची आणि मधूनच म्हणायची, “पण त्याच्या आईला किती काळजी!”

पुस्तक संपतं ते डॅन्यूब नदीवरच्या एका पुलावर, १९३४ च्या ईस्टरच्या सुमारास. एका टोकाला आजचं स्लोवाकियातलं श्तुरोवो, दुसऱ्या टोकाला हंगेरीतलं एस्टरगोम. तो पूल १९४४ साली युद्धात उडवला गेला आणि २००१ मध्ये पुन्हा बांधला. २०२५ च्या ईस्टरच्या सुट्टीत लेकीनं विचारलं, “बाबा, जाऊ का?” मी म्हटलं, डबा घेऊन जा.

पुलावरून तिचा व्हिडिओ कॉल आला. वारा एवढा की निम्मं ऐकूच येत नव्हतं. सौ. ओरडून विचारत होती की स्वेटर घातलंस का. मी विचारलं, “पाणी किती आहे?”

“खूप, बाबा. पण वैनगंगेच्या श्रावणातल्यासारखं नाही.”

“गाळे किती आहेत पुलाला?”

तिनं फोन फिरवला आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन... पाचवर आली आणि रेंज गेली.

संध्याकाळी तिनं पुलाचा फोटो पाठवला. तो मीच ग्रुपवर टाकला. मोठेबाबांनी लगेच विचारलं, “आता कुठं गेली?”

मी लिहिलं, “पूल बघायला. मीच पाठवलं.”